हिरव्या कॉर्व्हेटच्या पाटीवरचे साल

दाजी, हा लेख एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहायला घेतला. प्रश्न असा: तुमच्या हिरव्या कॉर्व्हेटच्या, त्या जुन्या अमेरिकी स्पोर्ट्सकारच्या, पुढच्या काचेमागे तुम्ही वर्षानुवर्षे जी पाटी उभी करत होता, तिच्यावरचे १९७२ हे साल बरोबर होते की चूक?

तुमच्या हयातीत हा प्रश्न आपल्या दोघांचा होता. वाद घालण्यात दोघांनाही आनंद होता, म्हणून तो सुटला नाही याचे कोणालाच वाईट वाटले नाही. तुम्ही गेलात आणि तो प्रश्न अक्काचा झाला. तेराव्यानंतर ती मला म्हणाली, "बाळू, यांचे सगळे गाडीवाले मित्र दसऱ्यानंतरच्या रविवारी गाड्या घेऊन येणार आहेत यांच्यासाठी. आपली गाडी सगळ्यांत पुढं. पाटीवर काय लिहायचं ते तू सांग. इतकी वर्षं हे चुकीची पाटी लावून हसत बसले होते का, तेवढं मला कळू दे." तिने हे भांडी पुसता पुसता विचारले, पण पुसून झालेले पातेले ती पुन्हा पुसत होती.

वाचकांसाठी एवढे सांगणे आवश्यक आहे की दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मिरजेहून निघून बहात्तरच्या उन्हाळ्यात ते मॉन्ट्रियलला आले, विमानांच्या भागांची ड्रॉइंग करण्याच्या नोकरीवर. अक्का त्याच वर्षी डिसेंबरात आली. मी पस्तीस वर्षे हायस्कुलात गणित आणि भूगोल शिकवला, निवृत्तीनंतर कॅनडाच्याच पश्चिम टोकाला, बर्नाबीला मुलीकडे आलो आणि तेव्हापासून प्रत्येक उन्हाळ्यातले काही आठवडे मॉन्ट्रियलला, नदीपलीकडच्या तुमच्या घरी घालवत आलो. तुम्ही मला नेहमी 'मास्तर' म्हणालात. नावाने एकदाही हाक मारली नाहीत, आणि तशी अपेक्षाही मी कधी केली नाही.

पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही मला मॉलच्या पार्किंगमध्ये घेऊन गेलात ते आठवते. आठवड्यातून एका संध्याकाळी तिथे जुन्या गाड्या जमत. माणसे घडीच्या खुर्च्या टाकून आपापल्या गाडीच्या सावलीत बसत आणि प्रत्येक गाडीच्या काचेमागे एक पाटी असे: नाव, मॉडेल, साल. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. तुम्ही म्हणालात, "मास्तर, वर्गात पहिल्या दिवशी सगळी पोरं सारखीच दिसतात की. हजेरी घ्यायला लागा."

मग तुम्ही हजेरी घेतलीत. त्रेपन्न सालच्या पहिल्या गाड्या, सगळ्या पांढऱ्या, आत लाल. अठ्ठावन्नपासून दोनाचे चार दिवे. त्रेसष्टात अंगाला धार आली आणि मागच्या काचेच्या मधोमध एक कणा. तो कणा मागचे दिसू देत नाही म्हणून लोकांनी तक्रार केली, पुढच्याच वर्षी तो काढून टाकला, आणि आज तीच गाडी बघायला माणसे वाकून उभी राहतात. अडुसष्टपासून तिसरी पिढी: कंबर आत, चाकांवर फुगवटा, नाक लांब. "हिला शार्क म्हणतात," तुम्ही सांगितलेत. मला ती माशापेक्षा पळायच्या तयारीत बसलेल्या मांजरीसारखी वाटली. तुम्हाला ते आवडले नाही. मांजरीचा उल्लेख मी पुढे दरवर्षी मुद्दाम केला.

तुमची गाडी या तिसऱ्या पिढीतली, आणि आपला वाद या पिढीच्या पोटातला. बहात्तरपर्यंत या गाडीला पुढे आणि मागे दोन्हीकडे चकचकीत क्रोमचे बंपर होते. त्र्याहत्तरात पुढचा क्रोम गेला आणि त्या जागी गाडीच्याच रंगाचे मऊ, धक्का सोसणारे नाक आले. मागे मात्र क्रोम राहिला. चौऱ्याहत्तरात मागचाही गेला. म्हणजे पुढे मऊ आणि मागे क्रोम अशी गाडी एकाच मॉडेल वर्षाची असू शकते. तुमच्या गाडीचे नाक मऊ होते. मागे क्रोम होता. मागची काच पक्की बसवलेली होती. बहात्तरपर्यंत ती काढता येत असे. गाडीच्या कागदांवरही त्र्याहत्तरच होते. एवढे चार पुरावे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या ठसठशीत ड्रॉइंगच्या अक्षरातली पाटी: १९७२.

रेजाँला ही पाटी सहन होत नसे. तुमच्या शेजारच्या घरातला हा निवृत्त बसचालक, त्याची एकोणसत्तरची निळी कॉर्व्हेट, आणि तिच्या पाटीवरचे प्रत्येक अक्षर तपासून घेतलेले. दर उन्हाळ्यात तो तुमच्या गाडीपुढे उभा राहून तेच म्हणे, अर्धे फ्रेंच, अर्धे इंग्रजी. तुमच्या नावाचे त्याने 'आर्वी' केले होते, आणि 'मोनामी' म्हणजे माझ्या मित्रा. "आर्वी, मोनामी, तुझी गाडी सुंदर आहे. तुझी पाटी खोटारडी आहे."

"पाटी तिचं वय सांगते. तू तिची इयत्ता विचारतोयस," तुम्ही म्हणायचात.

"ताबरनाक!" तो तिथली ठेवणीतली शिवी हासडून हात वर करायचा. "मास्तर, तुम्ही सांगा याला!"

आणि मी सांगत असे, कारण सांगणे हा माझा जन्माचा धंदा. दाजी, मी म्हणायचो, मॉडेलचे वर्ष कॅलेंडरवर चालत नाही. ते शाळेसारखे आहे. जून बहात्तरला जो मुलगा मॅट्रिकच्या वर्गात बसला, त्याची परीक्षा मार्च त्र्याहत्तरला. त्याला सगळे त्र्याहत्तरची बॅच म्हणतात. तसेच त्र्याहत्तरचे मॉडेल बहात्तरच्या उन्हाळ्यानंतरच कारखान्यातून बाहेर पडू लागते. पण पाटीवर बॅच लिहायची असते, वर्गात पाऊल ठेवल्याची तारीख नव्हे.

तुम्ही शांतपणे ऐकून घ्यायचात. मग तुमचा हुकमाचा पत्ता. "मास्तर, त्र्याऐंशीची कॉर्व्हेट दाखवा मला."

ती दाखवता येत नाही, कारण त्र्याऐंशीचे मॉडेल विक्रीला आलेच नाही. चौथी पिढी तयार व्हायला उशीर झाला आणि ती आली ती थेट चौऱ्याऐंशीची म्हणून. पण तिचे उत्पादन त्र्याऐंशीतच सुरू झाले होते.

"म्हणजे त्र्याऐंशीत जन्मलेल्या गाड्या आहेत आणि त्र्याऐंशीची गाडी नाही," तुम्ही म्हणालात. "मग त्या बिचाऱ्या जन्मल्याच नाहीत का? तुमच्या हजेरीपटात नाव नाही म्हणून पोरगं घरी जेवतच नाही?"

या युक्तिवादाला उत्तर आहे असे मला आजही वाटते. ते मला अजून सापडलेले नाही.

बहात्तरचा आग्रह कशासाठी, हे तुम्ही एकदाच सांगितलेत. आपण दोघे गॅरेजमध्ये होतो, तुम्ही बॉनेट उघडून आत वाकला होता, त्यामुळे तुमचा चेहरा दिसत नव्हता. तुम्ही म्हणालात, "त्या वर्षी मी इथं उतरलो तेव्हा माझ्या वयाचं, माझ्या गावचं, माझ्या भाषेचं इथं काही नव्हतं. पुढं घर झालं, पोरं झाली, फ्रेंच पण आलं थोडंफार. पण ते सगळं नंतरचं. मला असं काहीतरी हवं होतं की जे माझ्याच वर्षी या मुलखात पहिल्यांदा उभं राहिलं. एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये ही दिसली. मला आतून वाटलं, ही माझ्याच वर्षाची." मी विचारले, आतून वाटणे हा पुरावा कसा? तुम्ही बॉनेटखालूनच म्हणालात, "तुमच्या बहिणीशी लग्न केलं तेव्हा दुसरा कुठला पुरावा होता?"

ते खरेच होते. तुमच्या आईचा आग्रह असूनही तुम्ही पत्रिका जुळवायला नकार दिला होता. हीच गोष्ट गाडीलाही लागू झाली. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले की बिजागरीच्या खांबावर एक लहान धातूची पट्टी असते आणि तिच्यावर अंगबांधणीचा महिना आणि दिवस ठोकलेला असतो, हे रेजाँने मला सांगितले. मी उत्साहाने तुमच्याकडे आलो. तुम्ही दार लावून घेतलेत. "ठाऊक आहे मला. तिची जन्मपत्रिका मी बघितली नाही, मास्तर. तुम्ही पण बघायची नाही."

त्या क्षणी मला तो विनोद वाटला. आता वाटते की तुम्हाला भीती वाटत होती. त्र्याहत्तरच्या मॉडेलच्या पुष्कळ गाड्या खुद्द त्र्याहत्तरात बांधल्या गेल्या आहेत. पट्टीवर तसे निघाले असते तर तुमच्या वर्षाची या देशात एकही वस्तू उरली नसती. हे मी तुम्हाला कधी विचारले नाही. विचारले असते तर तुम्ही टिंगल केली असतीत, हे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

दसऱ्याबद्दल लिहायला हवे. आपल्याकडे दसऱ्याला वाहन धुऊन, हार घालून रस्त्यावर काढतात. तुमच्याकडे दसरा म्हणजे गाडीला निरोप, कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ पडू लागते आणि ही गाडी वसंतापर्यंत कापडाखाली झोपते. गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला अक्काने रीतीप्रमाणे ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटे गाडीच्या नाकावर ओढली आणि तशीच राहू दिली. वसंतात कापड काढले तेव्हा बॉनेटवर ओघळलेली हळद एका पुसण्यात गेली. नाकावरची गेली नाही. मऊ नाकाच्या जुन्या रंगाला केसासारख्या बारीक भेगा होत्या, आणि हळद त्यांत मुरून बसली होती.

अक्का घाबरली. तुम्ही बोटांच्या त्या पिवळसर खुणांकडे बराच वेळ पाहिलेत आणि म्हणालात, "सवतीचं नाक धरलंस होय?" तेव्हापासून अक्का गाडीला सवत म्हणू लागली. "सवतीला आंघोळ घालून झाली असेल तर जेवायला या." पुढच्या दसऱ्यापासून तुम्ही बॉनेटवर रंगकामाची चिकटपट्टी लावून तिच्यावर कुंकू लावून घेत होता. पण नाकाला नवा रंग तुम्ही कधीच दिला नाहीत. रेजाँ दरवर्षी एका चांगल्या रंगाऱ्याचा पत्ता देत असे आणि तुम्ही तो दरवर्षी हरवत होता.

मी शिक्षक म्हणून त्या खुणांचा उपयोग करून घेतला. क्रोमवर हळद मुरत नाही, दाजी, मी म्हणालो. अक्काच्या बोटांनीच सिद्ध केले की नाक मऊ, म्हणजे मॉडेल त्र्याहत्तर. "मॉडेल सिद्ध केलं," तुम्ही म्हणालात. "वय नाही."

गेल्या उन्हाळ्यात आपण पार्किंगमध्ये शेवटचे बसलो. नव्या सातव्या पिढीची एक गाडी आली, चौकोनी मागच्या दिव्यांची, आणि रेजाँने तोंड फिरवले. गोल दिवे काढले हे त्याला अजून पचले नव्हते. तुम्ही मात्र उठून तिच्याभोवती फिरून आलात. पुढच्या पिढीत इंजिन मागे जाणार अशी बोलवा होती. तुम्ही म्हणालात, "इंजिन मागं गेलं की ते बघायला मी नाही थांबणार बुवा." आम्ही हसलो. तुम्ही चहाचा थर्मास माझ्याकडे सरकवलात आणि म्हणालात की तशी ती बोलवा गेली कित्येक वर्षे आहे, घाई नाही.

ऑगस्टात अक्काचा फोन आला.

या वर्षी आपल्याकडे सण नाही, हे उघड होते. नवरात्रात घट बसले नाहीत. दसऱ्याच्या सकाळी मात्र मी खाली आलो तर अक्का किचनमध्ये झेंडूचा हार ओवत होती. फुले तिच्याच कुंडीतली, पहिल्या थंडीने थोडी काळवंडलेली. मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "दुखवटा आपल्याला. गाडीला कसला दुखवटा? आणि आज तू ती पट्टी बघ."

"दाजींनी नको म्हणून सांगितलं होतं," मी म्हणालो.

"त्यांना नको होतं. मला हवंय. चूक निघाली तर त्र्याहत्तर लिहू. मला काय, मी दोन्ही सालं त्यांच्याबरोबर काढलीत."

रेजाँला बोलावले. तो कोट आणि टाय घालून आला; कशासाठी बोलावले ते आम्ही त्याला सांगितले होते आणि त्याला ते पुरेसे गंभीर वाटले होते. गॅरेजचे दार वर केले. तुमची पाटी सीटवर पालथी पडली होती. मी ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले, खांबावरचे जुने ग्रीस आणि धूळ साबणाच्या ओल्या फडक्याने पुसली, चष्मा बदलला आणि पट्टी वाचली. महिन्याच्या जागी इंग्रजी सी हे अक्षर होते. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून रेजाँला वाचायला लावले. त्यानेही सी असेच वाचले.

या पट्टीवरचे अक्षर जानेवारीपासून मोजायचे नसते, तर त्या मॉडेलच्या पहिल्या महिन्यापासून. पहिला महिना ऑगस्ट धरला तर सी म्हणजे ऑक्टोबर. सप्टेंबर धरला तर नोव्हेंबर. त्र्याहत्तरच्या मॉडेलसाठी नेमका कोणता धरावा, याबद्दल रेजाँची आणि माझी तिथेच, तुमच्या गॅरेजमध्ये, बाचाबाची झाली. पण आमच्या दोघांच्याही मोजणीत एक गोष्ट बदलत नव्हती. दोन्ही महिने बहात्तर सालातलेच होते. तुम्ही इथे उतरल्यानंतरचे, आणि अक्का येण्याआधीचे.

हे मी अक्काला सावकाश, पायरी पायरीने समजावून सांगितले, वर्गात सांगत असे तसे. तिने पूर्ण ऐकून घेतले.

"म्हणजे हे बरोबर होते."

"मॉडेल त्र्याहत्तर हे माझं बरोबर, आणि जन्म बहात्तर हे दाजींचं बरोबर."

"तुझं राहू दे," अक्का म्हणाली. मग तिने बोटांवर काहीतरी मोजले. "आणि ती माझ्या आधी आली?"

"आधी. महिना दोन महिने."

"बघा," ती गाडीकडे बघून म्हणाली. "एवढी वर्षं हिला मी धाकटी समजून बोलत होते. थोरली निघाली की ही!"

आणि ती हसली, दाजी. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, आणि हसता हसता तिला गाडीच्या छताला हात टेकावा लागला. रेजाँला काहीच कळले नव्हते, तरी तोही हसला आणि मग खिशातून रुमाल काढून त्याने डोळे पुसले.

हार घालून झाल्यावर अक्काने हळदीकुंकवाची वाटी उचलली. मग वाटी माझ्यापुढे धरून तिने विचारले, "मी लावू का रे? का तू लावतोस?"

मी मुलांना आयुष्यभर उत्तरे दिली. इतके सोपे उत्तर क्वचितच द्यावे लागले. मी म्हटले, "थोरल्या सवतीला धाकटीनंच लावायचं असतं."

चिकटपट्टीचे भेंडोळे फळीवर होते. तिने त्याला हात लावला नाही. हळदीत बोटे बुडवून तिने ती नाकावरच्या जुन्या खुणांवर बरोबर ठेवली आणि खाली ओढली. बोटे त्याच रेघांत बसली.

पाटी मी नव्याने लिहिली. रेजाँने तिच्यावरचे फ्रेंच तपासले. वर मॉडेल १९७३, खाली जन्म १९७२. तुमची जुनी पाटी अक्काने आत नेली. कुठे ठेवली ते मी विचारले नाही. रविवारी सगळ्यांच्या पुढे तुमची गाडी होती, रेजाँ चालवत होता, आणि त्याच्या शेजारी अक्का, गुडघ्यांवर हात ठेवून, लग्नाला निघाल्यासारखी ताठ. मी मागच्या गाडीत होतो. पूर्ण रस्ताभर मला तुमचा मागचा क्रोम दिसत होता.

दाजी, तुम्ही जिंकलात हे तुमच्या तोंडावर कबूल करण्याची संधी मला मिळाली नाही. खरे सांगायचे तर मी ते कबूल केलेही नसते. त्र्याऐंशीच्या गाडीबद्दलचे माझे उत्तर अजून यायचे आहे. पण वस्तूकडे दोनदा पाहायला तुम्ही मला शिकवलेत, एकदा ती कुठल्या वर्गातली म्हणून आणि एकदा ती कधी जन्मली म्हणून. माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला हे कोणी शिकवले नव्हते.

आता वाचकांना एक विनंती. वर लिहिलेले माझ्या शब्दावर मान्य करू नये. तुमच्या ओळखीत कोणाकडे त्र्याहत्तरची कॉर्व्हेट असेल तर परवानगी घेऊन ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडावे, बिजागरीच्या खांबावरची पट्टी ओल्या फडक्याने पुसावी, अक्षर वाचावे आणि महिना स्वतः मोजून पाहावा.